दोन न्याय आणि त्यांमधला काळ

माणसाचा प्राण जातो त्याच क्षणी त्याच्या आत्म्याचा न्याय होतो, आणि जगाच्या अंती साऱ्या माणसांचा पुन्हा एकदा न्याय होणार आहे, अशी दुहेरी शिकवण कॅथलिक ख्रिस्तसभा देते. वसईत धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही हे दोन्ही न्याय पाठ केले होते. पहिला ज्याचा त्याचा, एकट्याचा. दुसरा सर्वांचा, सर्वांसमक्ष. पहिल्या न्यायात आत्म्याची वाट ठरते: स्वर्ग, किंवा स्वर्गाआधीचे शुद्धिस्थान, किंवा नरक. हा निकाल पुढे बदलत नाही, हेही आम्हांला तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले. मग दुसरा न्याय कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. जगातल्या कोर्टात खालच्या निकालावर अपील करता येते, कारण खालचा न्यायाधीश चुकू शकतो. देवाचा निकाल चुकला असेल असे कोणताही ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. जो निकाल अचूक आहे आणि कायमचा आहे, तो सगळ्या जगाला गोळा करून पुन्हा का वाचून दाखवायचा?

नव्या करारात दोन्ही गोष्टींना आधार सापडतो, पण त्या एकमेकींशी जुळवून कोणी मांडून ठेवलेल्या नाहीत. लूकच्या शुभवर्तमानात क्रुसावरच्या पश्चात्तापी चोराला येशू म्हणतो, की तू आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्याच शुभवर्तमानात श्रीमंत माणूस आणि त्याच्या दाराशी पडून राहणारा लाजर यांची कथा आहे. दोघेही मरतात आणि लगेच आपापल्या जागी पोचतात, एक यातनेत, दुसरा अब्राहामाच्या उराशी. उलट मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मनुष्याचा पुत्र वैभवाने येतो, सर्व राष्ट्रे त्याच्यापुढे जमवली जातात आणि मेंढपाळ जशी मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तशी तो माणसे वेगळी करतो. संत पौलाने इ.स. ५० च्या सुमारास थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तर सगळी भिस्त त्या शेवटच्या दिवसावरच आहे. प्रभू लवकरच परत येणार असे तिथल्या लोकांना वाटत होते. आपल्यातली जी माणसे त्याआधीच वारली त्यांचे काय होणार, या काळजीने ते व्याकूळ झाले होते. प्रभूचे येणे लांबत गेले, वर्षांची शतके झाली, आणि मरण व अंतिम दिवस यांच्यामध्ये एक प्रदीर्घ काळ पसरला. त्या काळात आत्मा कुठे असतो आणि काय करतो, याचे उत्तर देणे भाग पडले.

हे उत्तर किती अवघड होते याची कल्पना मला चौदाव्या शतकातल्या एका वादाने दिली. तेव्हा पोप रोममध्ये नव्हते, दक्षिण फ्रान्समधल्या आविन्यों या गावी राहत होते. १३३१ साली सर्व संतांच्या सणाच्या दिवशी पोप बाविसावे जॉन यांनी एका प्रवचनात असे प्रतिपादन केले, की स्वर्गातल्या संतांचे आत्मे अजून देवाचे साक्षात दर्शन घेत नाहीत. ते वेदीखाली विसावलेले आहेत. प्रकटीकरणाच्या पुस्तकात तसा उल्लेख आहेच. ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या सान्निध्याचा दिलासा त्यांना आहे, पण देवाला समोरासमोर पाहणे त्यांना अंतिम न्यायानंतर, पुनरुत्थानात देह परत मिळाल्यावरच लाभेल. पुढच्या प्रवचनांतही ते याच मताचा पाठपुरावा करत राहिले.

यावरून युरोपात जो गदारोळ उठला तो आज वाचतानाही थक्क करतो. थॉमस वेलीस नावाच्या इंग्रज डोमिनिकन धर्मगुरूने १३३३ च्या जानेवारीत खुद्द आविन्योंतच या मताविरुद्ध प्रवचन दिले आणि त्याला तुरुंगात जावे लागले. फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅरिसच्या धर्मपंडितांना व्हॅंसेन येथे बोलावले, आणि त्यांनी पोपच्या मताविरुद्ध कौल दिला. बव्हेरियाच्या सम्राट लुडविगच्या आश्रयाला गेलेला तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम हा तर आधीपासूनच पोपचा विरोधक होता, त्याच्या हाती आयतेच शस्त्र आले. सामान्य भाविकाच्या दृष्टीनेही प्रश्न जिव्हाळ्याचा होता. संत अजून देवासमोर पोचलेलेच नसतील, तर त्यांच्याकडे मध्यस्थीची याचना कोणत्या भरवशावर करायची? नव्वदीच्या घरातल्या पोप जॉन यांनी ३ डिसेंबर १३३४ रोजी, मृत्युशय्येवर, कार्डिनलांसमोर आपले मत मागे घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागून आलेल्या पोप बाराव्या बेनेडिक्ट यांनी २९ जानेवारी १३३६ रोजी प्रसिद्ध केलेल्या आज्ञापत्राने वाद मिटवला. ज्या आत्म्यांना शुद्ध होण्यासारखे काही उरलेले नाही, ते देह परत मिळण्याच्या आणि अंतिम न्यायाच्या आधीच देवाला समोरासमोर पाहतात, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. मात्र त्याच आज्ञापत्रात पुढे हेही आहे, की न्यायाच्या दिवशी सर्व माणसे आपापल्या देहांसह ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभी राहतील आणि आपल्या कृत्यांचा जाब देतील. म्हणजे वाद मिटला, पण दुसरा न्याय जिथल्या तिथे राहिला.

मी बाराव्या बेनेडिक्ट यांची शिकवण मानतो. आई गेली तेव्हा, ती कोणत्या तरी वेदीखाली युगान्तापर्यंत थांबून राहिली आहे असे मला कोणी सांगितले असते तर ते मला सोसले नसते. तरीही बाविसाव्या जॉन यांच्या मताला केवळ एका वृद्ध पोपची चूक म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही, कारण त्याच्या तळाशी एक फार जुनी आणि हळवी जाणीव आहे. ११५३ साली वारलेल्या क्लेअरव्होच्या संत बर्नार्ड यांनी सर्व संतांच्या सणावरच्या आपल्या प्रवचनांत म्हटले होते, की संत अजून अंगणात उभे आहेत. आपल्याला सोडून आणि आपल्या देहांना सोडून ते त्या घरात पाऊल टाकणार नाहीत. तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिगेन याच्याही पुढे गेला होता. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने सांगितले, की पित्याच्या राज्यात तुमच्याबरोबर नवा द्राक्षारस पिईपर्यंत मी तो पिणार नाही. ओरिगेनच्या मते ख्रिस्त अजूनही थांबला आहे, माझ्यासारखा शेवटचा पापी सुधारेपर्यंत त्याचाही आनंद पुरा होत नाही, आणि अब्राहाम, इसहाक व सारे संदेष्टे आपली वाट पाहत आहेत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही पूर्वजांविषयी हेच म्हटले आहे, की आपल्यावाचून त्यांनी पूर्णतेला जाऊ नये. बाविसाव्या जॉन यांनी या जाणिवेतून काढलेला निष्कर्ष ख्रिस्तसभेने नाकारला. माझ्या मते ती जाणीव मात्र अबाधित राहिली, आणि दुसऱ्या न्यायाचे रहस्य तिच्यातच आहे.

माझ्या मूळ प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर मला संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे सापडले. आविन्योंच्या वादाच्या अर्धशतकाहून आधी, १२७४ साली, ते वारले होते, आणि १३२३ मध्ये त्यांना संत म्हणून घोषित करणारे पोप हेच बाविसावे जॉन होते. अक्वायनस यांचा युक्तिवाद सरळ आहे. जी गोष्ट अजून चालू आहे तिचा पूर्ण न्याय करता येत नाही, ती संपल्यावरच करता येतो. माणसाचे आयुष्य मरणाने संपते खरे, पण एका अर्थाने ते त्याच्या मागे चालूच राहते. लोकांच्या आठवणीत तो जगतो, आणि तिथे पुष्कळदा दुष्टाची कीर्ती होते व सज्जनाची अपकीर्ती. तो त्याच्या मुलांमध्ये जगतो, आणि चांगल्या बापाची मुले वाईट निघतात, वाईट बापाची चांगली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो आपल्या कृत्यांच्या परिणामांत जगतो. त्यांनी दिलेले उदाहरण त्यांच्या काळाला शोभेसे आहे: ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व नाकारणाऱ्या चौथ्या शतकातल्या आरियसच्या पाखंडामुळे पसरलेला अविश्वास जगाच्या अंतापर्यंत वाढत राहील, आणि प्रेषितांच्या उपदेशामुळे रुजलेला विश्वासही तोपर्यंत वाढत राहील. पहिल्या न्यायात माणूस कसा होता हे ठरते. त्याने जगात जे सोडून दिले त्याचे पुढे काय झाले, हे मात्र त्या वेळी अजून घडायचेच असते.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासाठी मला दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला वारल्या. हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे त्यांचे काम त्याआधी नुकतेच पुरे झाले होते, आणि दुष्काळातून आणलेल्या मुली व विधवा ज्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या ती संस्था आजही उभी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेली एखादी मुलगी जगली, शिकली, तिला मुले झाली, त्या मुलांनी आणखी कोणाला शिकवले. रमाबाईंच्या एका प्रवासाचे हे धागे आज कुठपर्यंत पोचले आहेत हे कोणालाही मोजता येणार नाही, आणि खुद्द रमाबाईंनाही मरतेवेळी ते ठाऊक नव्हते.

दुसरे उदाहरण मला जड जाते, पण ख्रिस्ती माणसाने न्यायाविषयी लिहायचे आणि ते टाळायचे हे बरे नव्हे. गोव्यातले इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांच्या घरातल्या जुन्या चालीरीती शोधून काढून त्यांना शिक्षा करणाऱ्या, शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला लावणाऱ्या त्या न्यायपीठावर बसलेल्यांची अशी खात्री होती, की आपण आत्म्यांना वाचवत आहोत. ते सगळे केव्हाच मेले, त्यांच्या खटल्यांचे गोव्यातले दप्तरही नष्ट करण्यात आले. त्यांनी पेरलेले भय मात्र त्यांच्याबरोबर मेले नाही. गाव सोडून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांच्या कथांत ते राहिले, धर्मांतर या विषयावरच्या आजच्या प्रत्येक कडवट बोलण्यात ते आहे, आणि ज्याचा त्या गोष्टींशी काडीचाही संबंध नाही अशा एखाद्या ख्रिस्ती मुलालाही शाळेत त्याची झळ लागते. त्या न्यायाधीशांपैकी एखादा मनाने प्रामाणिक असेल आणि पहिल्या न्यायात त्याला दया मिळालीही असेल. तरीही त्याने काय केले, हे शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय त्याचा न्याय पूर्ण झाला असे मी म्हणू शकत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात हेच नेमकेपणाने सांगितले आहे: माणसाने आयुष्यात जे चांगले केले किंवा करायचे टाळले, ते त्याच्या दूरात दूरच्या परिणामांसह अंतिम न्यायात उघड होईल.

हे वाचल्यावर मी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाकडे परत गेलो, आणि आजवर ज्या तपशिलावरून माझी नजर घसरून जात असे तिथे ती थांबली. त्या न्यायात विचारले जाणारे प्रश्न सर्वांना ठाऊक आहेत: भुकेल्याला खायला दिले का, तान्हेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला पांघरूण दिले का, आजाऱ्याची आणि तुरुंगात असलेल्याची भेट घेतली का. श्रद्धेची कलमे किंवा उपासनेची हजेरी त्या यादीत नाही. पण याहून विलक्षण गोष्ट अशी, की दोन्ही बाजूंची माणसे गोंधळून जातात. उजवीकडचे विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले? डावीकडचेही तेच विचारतात. आपण काय केले याचा पुरता अर्थ कोणालाच माहीत नसतो, तो त्या दिवशी त्यांना सांगितला जातो. दारात आलेल्या माणसाला दिलेली भाकर नक्की कोणाला पोचली, हे देणाऱ्याला तिथे कळते. आणि दार लावून घेतले तेव्हा बाहेर कोण उभे होते, हेही तिथेच कळते.

हा न्याय सर्वांसमक्ष का, याचेही उत्तर मला इथूनच मिळते. ज्याच्यावर अन्याय झाला तो या न्यायात हजर असला पाहिजे. देव आणि पापी यांनी दोघांत मिळून हिशेब मिटवला आणि ज्याला मार बसला त्याला विचारलेच नाही, तर त्याला क्षमा म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये आशेविषयी लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे, की छळ करणारे आणि छळ सोसणारे शेवटी जणू काही घडलेच नाही अशा रीतीने एका पंगतीला बसणार नाहीत. कृपा न्यायाला पुसून टाकत नाही. अनंत जीवनावर विश्वास ठेवण्याचे सर्वांत बळकट कारण त्यांना न्यायाच्या या प्रश्नातच दिसते. तिथेच ते असेही नोंदवतात, की शुद्ध करणारा जो अग्नी म्हणतात तो स्वतः ख्रिस्तच होय, त्याची नजर होय, असे अलीकडच्या काही धर्मपंडितांचे मत आहे. त्या नजरेसमोर खोटे टिकत नाही, ती जाळते आणि जाळूनच वाचवते. लहानपणी चित्रांत पाहिलेल्या ज्वाळांपेक्षा मला हा अग्नी अधिक भयंकर वाटतो, आणि अधिक खराही.

नरकाविषयी मला थोडेच म्हणायचे आहे. देवाला कायमचे नाकारण्याचे स्वातंत्र्य माणसाला आहे, म्हणून नरक शक्य आहे, असे ख्रिस्तसभा मानते. पण हजारो माणसांना नावानिशी संत म्हणून घोषित करणाऱ्या याच ख्रिस्तसभेने अमुक एक माणूस नरकात आहे असे आजवर कोणाविषयीही अधिकृतपणे जाहीर केलेले नाही, यहूदा इस्कार्योतविषयीही नाही. हा संयम मला मोलाचा वाटतो.

मधल्या काळात जिवंतांनी काय करायचे, यावर मात्र ख्रिस्ती पंथांत फूट आहे. अहमदनगरकडच्या माझ्या प्रॉटेस्टंट स्नेह्यांच्या मते मृत आत्मा देवाच्या हाती सोपवलेला असतो, त्याच्यासाठी प्रार्थना करण्याला बायबलचा आधार नाही. आम्ही कॅथलिक २ नोव्हेंबरला कबरी धुऊन पुसून त्यांवर फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो, फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतात. अकराव्या शतकाच्या तोंडावर क्लूनीच्या मठाचे अधिपती संत ओडिलो यांनी हा दिवस आपल्या मठांत सुरू केला आणि तिथून तो सर्वत्र गेला. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१५ साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा, म्हणजे वेदीवरचा मुख्य उपासनाविधी, अर्पण करण्याची परवानगी दिली. त्या वर्षी युरोपात किती घरांत मृतांसाठी प्रार्थना चालली असेल हे सांगायला नको. या प्रथेहूनही जुनी साक्ष संत मोनिकाची आहे. ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडली. आफ्रिकेतल्या आपल्या गावी पतीशेजारी पुरले जावे ही तिची जुनी इच्छा होती, पण शेवटी ती मुलांना म्हणाली, की हा देह कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका. एवढेच मागते, की तुम्ही असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. तिचा मुलगा ऑगस्टीन याने हे लिहून ठेवले आहे.

पण याच ऑगस्टीनने एका पत्रात दुसरीही एक गोष्ट लिहिली: घेतलेले परत केल्याशिवाय पापाची क्षमा होत नाही. अक्वायनस म्हणतात त्याप्रमाणे मृताच्या कृत्यांचे परिणाम अजून चालू असतील, तर त्यांतले काही आज आपल्या हातांतून पुढे जात आहेत, आणि ते तसेच पुढे जाऊ द्यायचे की नाही हे आपल्यावर आहे. इटलीतल्या पादुआ गावी १३०५ मध्ये पवित्र केलेले एक चॅपल आहे. एन्रिको स्क्रोवेन्यी या धनिकाने ते बांधले. त्याचा बाप रेजिनाल्दो व्याजबट्ट्यासाठी इतका कुप्रसिद्ध होता, की दान्तेने आपल्या काव्यातल्या नरकात त्याला सावकारांमध्ये बसवले आहे असे भाष्यकार सांगतात. बापाच्या पापाच्या परिमार्जनासाठी मुलाने हे चॅपल उभारले अशी परंपरागत समजूत आहे. आत पश्चिमेच्या भिंतीवर जोत्तोने अंतिम न्याय रंगवला, आणि त्या चित्रात तारलेल्यांच्या बाजूला गुडघे टेकून चॅपलची प्रतिकृती अर्पण करणारा एन्रिको दाखवला. चित्र अप्रतिम आहे यात वाद नाही. पण ज्यांच्या घरादारावर ते व्याज चढले होते ती कुळे त्या भिंतीवर कुठे आहेत, हा प्रश्न मला सोडत नाही. ज्याचे घेतले त्याला परत करणे एक, आणि त्याच पैशाने देवाचे मंदिर बांधणे निराळे.

आमच्या घराण्यातही असे एक देणे आहे. माझ्या पणजोबांनी आपल्या विधवा बहिणीला वाडीतला हिस्सा दिला नाही. विहिरीपासून बावखलापर्यंतचा, म्हणजे वाडीतल्या तळ्यापर्यंतचा, तो तुकडा नंतर वाटण्या होत होत आमच्याकडे आला, आणि तिची नातवंडे-पतवंडे आज भाड्याच्या घरांत राहतात. पणजोबा भाविक होते, रोज मिस्साला जात, असे घरात अजून अभिमानाने सांगितले जाते, आणि ते खरेच असणार. त्यांच्या आत्म्याला शांती मिळो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मिस्साचे हेतू दिले गेले, म्हणजे त्यांच्या नावाने मिस्सा अर्पण करवले गेले. अलीकडे मी त्यांच्या नावाबरोबर त्यांच्या बहिणीचेही नाव देतो, आणि फादर ती दोन्ही नावे एका दमात वाचतात. तेवढ्याने तो तुकडा तिच्या माणसांचा होत नाही. भावंडांशी बोलणे चालू आहे, दोघे तयार आहेत, बाकीच्यांना अजून वाटते, की मेलेल्यांचा व्यवहार मेलेल्यांबरोबर संपला.